डावा व्हॉल्व्ह

दसऱ्याच्या सकाळी साडेनऊच्या सुमारास लालबागच्या आमच्या खोलीत एका अँप्लिफायरचा डावा व्हॉल्व्ह फुटला. त्यावर पाणी पडलं होतं. पाणी माझ्या मोठ्या भावाच्या हातून पडलं. व्हॉल्व्ह तेव्हा तापलेला होता. एवढ्या गोष्टींवर आम्हा दोघांचं एकमत आहे.

अँप्लिफायर अजून माझा झालेला नव्हता. गिरगावातल्या एका वयस्कर कारागिराने तो मला घरी ऐकायला दिला होता. हा माणूस चाळीतल्या आपल्या खोलीत खिडकीशी टेबल टाकून एकट्याने ट्रायोडचे अँप्लिफायर बनवतो. ट्रायोड हा आवाज वाढवणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचा सर्वांत जुना आणि साधा प्रकार. या जातीच्या अँप्लिफायरमध्ये एका स्पीकरला आवाज पुरवण्याचं शेवटचं काम एकच ट्रायोड करतो, जोडीदाराशिवाय. ताकद अगदी कमी मिळते. आवाज मात्र समोर माणूस बसल्यासारखा येतो, असं ऐकणारे सांगतात. मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांची विशेषणं कापली. निवृत्तीनंतर त्याच्या खोलीत पहिल्यांदा सतार ऐकली आणि ते विशेषण कापावंसं वाटलं नाही.

त्याने पहिल्याच भेटीत विचारलं, "स्पीकर कोणते?"

दादरच्या शोरूममधून घेतलेल्या माझ्या उंच, सडपातळ स्पीकरचं वर्णन मी केलं.

"ते विसरा. त्यांना ढकलायला शंभर वॅट लागतात. माझ्याकडे एक साडेतीन वॅटचा आहे, एक आठचा. आधी स्पीकर आणा, मग यातला कुठला ते ठरवू. जुन्या मांडववाल्यांकडे बघा. मोठा कागदी कोन, फुंकर मारली तरी हलतो."

असे दोन स्पीकर माझ्या खाटेपासून बारा फुटांवर होते, दादाच्या पलंगाखाली.

आमची खोली वडिलांची. तिचे प्लायवूड लावून दोन भाग केले आहेत. पुढचा माझा, मागचा दादा आणि वहिनींचा. प्लायवूड लागण्यापूर्वी दादा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा. गणपती, लग्नं, सत्यनारायण. दोन लाकडी स्पीकर, तीन माईक आणि व्हॉल्व्हचा एक जड अँप्लिफायर एवढं त्याचं दुकान होतं. एका शिमग्याला तो दहा दिवस गावी गेला. त्या दहा दिवसांत मी सुतार बोलावून प्लायवूड ठोकून घेतलं. जागा हवी होती म्हणून अँप्लिफायर भंगारवाल्याला दिला. दादा परत आल्यावर मी सांगितलं की तो बंद पडलेला होता. पुढे तो एका सोसायटीत पंप चालवायला लागला. तेव्हापासून दर दसऱ्याला तो पलंगाखालचे स्पीकर बाहेर काढतो, पुसतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो आणि परत आत ढकलतो. त्यांना जोडायला त्याच्याकडे काही नाही.

मी स्पीकर मागायला प्लायवूडच्या पलीकडे गेलो तेव्हा वहिनी वाल सोलत होत्या.

"कशाला हवेत?" दादाने विचारलं.

"व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घेतोय."

तो वहिनींकडे वळला. "ऐकलंस? माझा भंगारात घातला, आता स्वतःला आणतोय."

"हा वेगळा असतो दादा."

"वेगळाच असणार. माझा आरतीचा, तुझा साहेबाचा. किती वॅटचा?"

"साडेतीन किंवा आठ."

"साडेतीन?" तो हसला. "मेल्या, आमच्या भटजीची नुसती शिंक त्याच्यापेक्षा मोठी असायची."

"देणार की नाही तेवढं सांग."

"देतो. दसऱ्यापर्यंत ऐक. दसऱ्याला हिच्यासमोर एक वाक्य बोलायचं. माझा अँप्लिफायर चालता होता आणि तुला ते माहीत होतं. बोललास तर स्पीकर तुझे, कायमचे. नाही बोललास तर परत पलंगाखाली."

"तो बंद पडला होता."

"मग दसऱ्याला तेच बोल. हिलाही कळू दे, मी इतकी वर्षं खोटं सांगतोय."

वहिनी वाल सोलत राहिल्या. स्पीकर आम्ही दोघांनी उचलून माझ्या भागात आणले. उचलताना एकमेकांकडे पाहिलं नाही.

कारागिराने दोन्ही अँप्लिफायर टॅक्सीतून पाठवले. सोबत कागदावर सूचना होत्या. ऐकण्याआधी अर्धा तास चालू करून ठेवा. काचेला हात लावू नका. ओला कपडा जवळ नेऊ नका. मी त्या दादाला वाचून दाखवल्या.

"मला शिकवतोस?" तो म्हणाला.

दोन आठवडे मी तीच चार रेकॉर्डिंग दोन्हींवर आलटूनपालटून ऐकली आणि वहीत टिपणं केली. आठ वॅटचा भरदार होता. त्यावर कुठलाही गळा तयारीचा वाटायचा. साडेतीन वॅटवाल्यावर त्याच गाणाऱ्या बाईंचा श्वास मध्येच तुटलेला कळायचा. माझा कल मोठ्याकडे होता. प्लायवूडच्या पलीकडून शेरे येत होते.

"भांडं घासायचा आवाज जास्त येतो, तुझी बाई कमी येते."

"झाकण लाव कानाला," मी म्हणालो.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी अँप्लिफायर बदलला तेव्हा तो पलीकडूनच बोलला, "हा छोटा आहे ना?"

"हो."

"हाच ठेव. मोठा गोड बोलतो. सगळ्यांनाच गोड बोलतो."

त्याला दिसत नव्हतं आणि मी काही सांगितलं नव्हतं. मी पुन्हा दोन वेळा अदलाबदल केली. दोन्ही वेळा त्याने बरोबर ओळखलं. मग मोठा कुठे कुठे गोड बोलतो त्या जागा त्याने सांगितल्या आणि मी त्या ऐकल्या. तो म्हणत होता ते खरं होतं.

त्याच दुपारी मी कारागिराला फोन केला आणि साडेतीन वॅटचा घेतो म्हणून सांगितलं.

"बहुतेक लोक मोठा नेतात. तुम्हाला कसं कळलं?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "मोठा सगळ्यांनाच गोड बोलतो."

"चांगला कान आहे तुमचा."

"ऐकत आलोय इतकी वर्षं."

फोन स्पीकरवर होता. प्लायवूडच्या पलीकडे दादाचा रेडिओ चालू होता, तो बंद झाला. दसऱ्याला तेव्हा तीन दिवस राहिले होते. मोठा अँप्लिफायर मी दुसऱ्या दिवशी परत केला.

दसऱ्याला सकाळी नऊ वाजता मी छोटा चालू केला आणि श्रीखंड आणायला खाली उतरलो. दिवसाच्या उजेडात या व्हॉल्व्हच्या तारेचा प्रकाश लांबून दिसत नाही. रांग होती. परत आलो तेव्हा दादा अंघोळ करून, कपाळाला गंध लावून माझ्या भागात उभा होता. हातात तांब्या ठेवलेलं ताम्हन होतं. स्पीकरवर हळदकुंकू वाहून झालं होतं. अँप्लिफायरच्या लोखंडी पेटीवर दोन बोटं उमटली होती. त्याने झेंडूचं फूल तांब्यात बुडवलं आणि शिंपडलं.

आवाज लहान होता, नखाने काच वाजवावी तेवढा. डाव्या व्हॉल्व्हच्या आतला चांदीसारखा डाग पाहता पाहता पांढरा पडला. आत हवा शिरल्याची ती खूण. मी बटण बंद केलं.

"तापलेला होता तो," मी म्हणालो.

"मला काय माहीत? दसऱ्याला पूजेआधी कोणी चालू करतं?"

"कागद वाचून दाखवला होता."

"कागद काचेबद्दल होता. मी पूजा पेटीची करत होतो." त्याने तांब्या खाली ठेवला. "आता तू बोल. ही आली बघ."

वहिनी पार्टिशनच्या दाराशी आल्या होत्या, हातात आपट्याची पानं होती.

"ह्याच्यानंतर बोलू?" मी म्हणालो.

"ठरलं होतं."

"बंद पडला होता तुझा. बोललो."

दादाने मान हलवली. एक स्पीकर त्याने एकट्याने ओढत मागे नेला. दुसऱ्याला वहिनींनी हात दिला. हळदकुंकवाचे ओघळ फरशीवर माझ्या खाटेपासून त्याच्या पलंगापर्यंत गेले. श्रीखंड दोन्हीकडे वेगवेगळं खाल्लं गेलं.

दुसऱ्या दिवशी दादा कामावर गेल्यावर मी वहिनींना विचारलं की त्याला खरंच माहीत नव्हतं का.

त्या म्हणाल्या, "तुम्ही खाली गेलात तेव्हा मीच त्यांना सांगितलं, भावोजी बटण लावून गेलेत, जपून. हो म्हणाले." मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला, भावोजी? त्या शिमग्याला माहीत नव्हतं?"

मी अँप्लिफायर कापडात गुंडाळायला घेतला.

अँप्लिफायर मी गिरगावात परत नेला. कारागिराने व्हॉल्व्ह काढून उजेडात धरला. हे दोन व्हॉल्व्ह मोजून जोडी लावलेले होते, तसा दुसरा त्याच्याकडे नव्हता.

"कोणाच्या हातून?"

"घरातल्या."

"मोठा घेऊन जा मग. तो इथेच आहे."

"स्पीकर नाहीत आता," मी म्हणालो.

स्पीकर दादाच्या पलंगाखाली आहेत.

त्या शिमग्यात भंगारवाला सकाळी अकराला आला. आदल्या संध्याकाळी मी दादाचा अँप्लिफायर या दोन स्पीकरना जोडून पाहिला होता. तो चालत होता.