न भाजलेली टेप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुधाला, माझ्या बायकोलासुद्धा. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही ग्रॅहमला ओळखत नाही, म्हणून असेल.

पंक संगीताच्या दिवसांत, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये त्याने आणि मी एक रेकॉर्ड लेबल काढलं होतं. लेबल म्हणजे काय — माझ्या डॉक्टर आईवडिलांचं गॅरेज, एक टेप मशीन आणि डिंकाचा डबा. रेकॉर्डिंग मी करायचो, कव्हरंही मीच चिकटवायचो. ग्रॅहम बोलायचा. लेबल बोलणाऱ्याच्या नावावर राहतं, हे मला फार उशिरा कळलं.

पंचवीसेक वर्षांनी बंडखोरीचंही पेन्शनचं वय झालं. ग्रॅहम टीव्हीवर आला. ‘सगळं या दोन हातांनी केलं,’ म्हणाला. आणि मी?

“अहो, ऐकलंत का?” सुधा हसत म्हणाली. “तुमचा मित्र तुम्हाला डिंकवाला म्हणतोय.”

मीही हसलो. असं हसून दात दुखतात — तुम्हाला अनुभव आहे?

मग त्याचा फोन. युनिव्हर्सिटी त्याचा सत्कार करणार होती. ज्यांना शिव्या घालून तो मोठा झाला, त्यांच्याच स्टेजवर. “मेट, मॉरीनची टेप तुझ्याकडेच ना? जुन्या मशीनवर लाइव्ह वाजवू. लोक रडतील बघ!”

मॉरीन आमच्याकडे एकच गाणं गायली. त्याची रेकॉर्ड कधी निघाली नाही. दुसरी कॉपी नव्हती. पुढे ती वारली. तिची मुलगी, केली नावाची, पहिल्या रांगेत बसणार होती — आईचं गाणं तिने कधीच ऐकलं नव्हतं.

आता ऐका. त्या काळच्या टेपवरचा लेप ओलावा धरतो. वाजवण्याआधी टेप ओव्हनमध्ये मंद आचेवर तासन्‌तास भाजावी लागते, नाहीतर लेप आवाजासकट खरवडून निघतो. हे मला माहीत होतं. ग्रॅहमला कुठून असणार?

मी टेप नेऊन दिली. तशीच. एक शब्द बोललो नाही.

मला फक्त त्याची फजिती हवी होती — असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. केली येणार, हे त्याने फोनवरच सांगितलं होतं.

मॉरीनच्या दोन ओळी आल्या. स्वच्छ. मग मशीन किंचाळायला लागलं, तपकिरी भुकटी गळायला लागली. ग्रॅहम नुसता तोंड उघडून उभा — आयुष्यात पहिल्यांदाच शब्दांवाचून. मशीन मीच चालवत होतो; बंद करायचं बटण माझ्या हाताशी होतं. तेव्हाही बरंचसं गाणं वाचलं असतं. पण मी त्याचा चेहरा बघत होतो. पोटभर बघितला. टेप शेवटपर्यंत फिरू दिली.

नंतर केली माझ्याकडे आली. माझे दोन्ही हात धरले.

“इतकी वर्षं तुम्ही ती जपून ठेवलीत,” ती म्हणाली. “थँक यू.”

“त्यात काय एवढं,” मी म्हटलं.