गेरूचा लेप

बाबांच्या कमरेला नागीण उठली, तेव्हा जव्हारच्या दवाखान्यात चला म्हणून मी घसा कोरडा केला. सूर्यमाळच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलेला हा माणूस! म्हणाले, "नागिणीवर डॉक्टरकडे औषध नसतं. पोशेऱ्याला एक म्हातारा गेरू लावतो. कमरेला वेढा पडून तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपला." शेवटी वैतागून मीच त्यांना मोटारसायकलवर बसवून तिकडे नेलं.

फोड सुकले, डाग राहिला. चार वर्षांनी बाबा विसरायला लागले. आता डॉक्टर म्हणतात, नागिणीच्या विषाणूचा आणि स्मृतिभ्रंशाचा संबंध असू शकतो, पण यांचं त्यामुळेच झालं असं सांगता येत नाही. असू शकतो! या 'असू शकतो'चं मी काय लोणचं घालू?

परवा आंघोळीनंतर मी त्यांना सदरा चढवत होतो. डागावर बोट ठेवून ते मला म्हणाले, "नागीण झाली होती हो. मुलगा माझा हट्टी, पण वेळेवर पोशेऱ्याला घेऊन गेला, म्हणून वाचलो. तुम्ही कुठले?"