अंगठ्यांची गाठ

संजना सिस्टरचा हात बांधण्यात बसलेला होता. नाशिक रोडच्या त्या खासगी दवाखान्यात कुणी गेलं, की डोळे मिटवणं, जबडा बांधणं, पायाचे अंगठे एकत्र आवळणं हे तिच्याकडे. नातेवाईक रडता रडता म्हणत, "किती व्यवस्थित केलंय हो!" जिवंत पेशंटांकडून अशी पावती तिला कधी मिळाली नव्हती.

डिमेन्शियाबद्दल नर्सिंगला असताना तिने अर्धं पान वाचलं होतं, आणि ते परीक्षेला आलं नव्हतं. वॉर्डात त्याला म्हातारचळ म्हणत. त्यावर उपाय एकच, बँडेजने बांधून ठेवणं. त्यात मागच्या महिन्यात तिच्या ड्यूटीत एक म्हातारी पलंगावरून पडली. मेट्रनबाईंनी बजावलं, "आणखी एक पडला, की तू घरी." आणि घरात कमावती ती एकटीच.

अशात पेठकडचा म्हातारा बुधा न्यूमोनिया घेऊन आला, म्हातारचळासकट. आल्या आल्या त्याने सलाइन उपटलं आणि वॉर्डबॉयचा कान फाडला.

"मुद्दाम करतो थेरडा," आशा सिस्टर म्हणाली. "पोरगा आला की कसा गप बसतो बघ."

दुपारी संजनाने त्याचे हात कठड्याला बांधले. पायाकडचा कठडा मोडका, म्हणून पाय एकमेकांना बांधायचे ठरवले. हात सवयीने चालले: आधी अंगठे.

बुधाने मान उचलून पायांकडे पाहिलं. तोवर तो नुसता चिडलेला होता.

"मी जित्ता हाय! जाळू नका मला!"

एक हात कठड्यासकट सुटला. सलाइनचा स्टँड फिरला आणि संजनाची भुवई फुटली. आशा सिस्टर त्याच्या छातीवर बसली आणि दोन्ही गालांवर सणसणीत वाजवल्या. तेवढ्यात बुधाचा मुलगा राजू चहा घेऊन आला. त्याने पाय पाहिले आणि चहा तिथेच सांडला.

"सिस्टर, अंगठे मढ्याचे बांधत्यात!"

संजनाने गाठीकडे पाहिलं. गाठ उत्तम होती. तिने ती कात्रीने कापली. "बाबा, सुटले बघा."

बुधाने दोन्ही अंगठे वेगवेगळे हलवून खात्री केली. मग मोकळ्या पायाने तिचं नाक फोडलं.

"बांध परत!" आशा किंचाळली. "पडला तर नोकरी तुझी जाईल, बाई, माझी नाही!"

संजनाने नाक बाहीत धरलं आणि दुसऱ्या हाताने रिकाम्या पलंगावरची गादी ओढून जमिनीवर टाकली. राजूने आशाला बाजूला केलं, हातांच्या गाठी सोडल्या आणि बापाला काखेत हात घालून खाली आणलं. बुधाने तिला आणखी दोन लाथा घातल्या, मग भिंतीला घातल्या. भिंत हलेना, तेव्हा झोपला.

संध्याकाळी मेट्रनबाई फेरीला आल्या. "पेशंट जमिनीवर? ही काय धर्मशाळा आहे?"

"खाली आहेत, मॅडम. आता पडायचे कुठून?" संजना नाकातला कापूस सावरत म्हणाली.

बाई पाहायला वाकल्या.

"मॅडम, जरा लांबून..."

तोवर बुधाला जाग आली होती.

"राहू दे," पलंगाखाली चष्मा चाचपडत मेट्रनबाई म्हणाल्या. "खालीच राहू दे त्याला."