आमच्या रानातला माणूस

"काय रं बिरा, मेंढरं आमच्या उसात घालू नगंस हां."

सायली हसत हसत माझ्या फोनमध्ये बोलत होती. रविवारची दुपार. इंग्लंडातल्या आमच्या भाड्याच्या घराचं स्वयंपाकघर. सायली तेवीस वर्षांची. बिरा म्हणजे माझे वडील, आमचे आबा, साठी ओलांडलेले. तिकडं आईनं फोन धरला होता. आबांनी फेटा सारखा केला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "न्हाई जी, ताईसाब."

ओट्यापाशी केरळची अंजू चहा करत होती. तिला मराठी कळत नाही. हे कोण, असं तिनं सायलीला विचारलं. सायलीनं इंग्रजीत सांगितलं, हा आमच्या रानातला माणूस. मी शेजारीच उभी होते, हात भांड्यांच्या साबणात.

आम्ही कवठे महांकाळकडचे धनगर. पाऊस कमी, रान कोरडं. दिवाळी झाली की आई-आबा मेंढरं घेऊन कऱ्हाडकडे सरकतात. मलकापूरच्या बागायतदारांच्या मोकळ्या रानात वाडा बसवतात. म्हणजे मेंढरं रात्रभर त्या रानात बसवायची. रानाला लेंडीखत मिळतं, आम्हाला जोंधळं. सायलीच्या घरच्या रानात आमचा वाडा आजोबांच्या आधीपासून बसत आला. लहानपणी मीही बरोबर असायचे. जोंधळं आणायला गेलो की आबा त्यांच्या पायरीखाली बसायचे, मी आबांना चिकटून. सायली वरून बघायची. तिचे जुने फ्रॉक मला मिळायचे आणि मला ते आवडायचे. आज सांगताना जीव जळतो, पण आवडायचे.

सांगलीत शिकून मला परदेशाची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा आबा आधी मालकांकडे, सायलीच्या वडिलांकडे गेले. त्यांची पोरगी वर्षभर आधी त्याच शहरात गेलेली. माझ्या पोरीला ताईसाबांजवळ ऱ्हाऊ द्या, म्हणाले. मला विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली मिळत होती. आबांच्या शब्दाखातर मी ती सोडली. ज्या रानात मेंढरं निर्धास्त बसतात, तिथं पोरगीही निर्धास्त राहील, असं त्यांना वाटलं. चूक म्हणाल तर एवढीच.

मालकांनी लेकीला फोनवर सांगितलं, आपल्या बिराची पोरगी हाय, असू दे हाताखाली. सायलीनं ते मनावर घेतलं. जिन्याजवळची, पलंग टाकला की दार अर्धंच उघडणारी खोली मला दिली. फ्रिजवर कामांचा कागद लावलेला होता. न्हाणीघर कुणी कधी धुवायचं, कचऱ्याचा डबा कुणी बाहेर ठेवायचा. तिघींची नावं होती. सायलीच्या नावापुढचं काम मी करायचं, असं कुणी कधी म्हटलं नाही. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, जरा बघतेस का, आणि मी बघतच राहिले. तिच्या भाकरी, तिची भांडी. प्रयोगशाळेतून दमून यायचं आणि तिचं ताट घासायचं. सक्ती नव्हती. अंगवळणी पडलेलं होतं, दोघींच्याही. अंजूला वाटायचं आमची जुनी मैत्री आहे. एकदा सायलीनं तिला माझ्यासमोर सांगितलं, हिनं लहानपणी माझेच कपडे घातलेत. मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

त्या रविवारी मात्र हसू आलं नाही. फोनमध्ये आबांचे हात अजून जोडलेलेच होते. अंजूनं एकदा तिकडं बघितलं आणि चहा गाळायला लागली. तिच्या लेखी विषय संपला होता. तीन महिने एका घरात राहून तिला माझा बाप दाखवला गेला, तो असा.

मी साबणाच्या हातानं फोन ओढून घेतला. अंजूला सांगितलं, हे माझे वडील आहेत. मग सायलीला म्हणाले, "माझ्या बापाला नावानं हाक मारायची न्हाई. अरे-तुरे करायचं न्हाई."

ती बुचकळ्यात पडली. खरंच पडली. आपलं काय चुकलं तेच तिला कळेना.

"मी बारकी असल्यापासनं बिराच म्हणते की. त्यानं कवा तोंड वाकडं केलं न्हाई."

"त्यांनी न्हाई केलं. मी करतीय."

फोन चालूच होता. आबांचा आवाज आला, घाबरलेला. "पोरी, ताईसाबांची माफी माग. आत्ताच्या आत्ता माग." मी फोन बंद केला. बापाचं बोलणं अर्धवट तोडायची ती माझी पहिली वेळ.

सायलीनं लगेच घरी फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा गडी रानात आला. वाडा हलवा, म्हणाला. एक मेंढी नुकतीच व्यालेली. तिचं कोकरू खांद्यावर घेऊन आबा रस्त्याला लागले, पुढं कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. हे सगळं मला आईनं सांगितलं. मी जिन्यावर बसून रडले. माझ्या एका बोलण्यानं तीन पिढ्यांचं रान गेलं होतं. मनात आलंही, मागून टाकावी माफी, काय जातंय आपलं. मग वाटलं, आजोबाही मनात हेच म्हणाले असतील, आणि आबाही.

मी ते घर सोडलं. बॅग उचलायला अंजू आली. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. सहा जणांत एक न्हाणीघर आहे. धुवायची पाळी माझी असेल तेव्हाच मी धुते.

आबा माझ्याशी बोलत नाहीत. रविवारी आई फोन त्यांच्या कानाला लावते. ते एवढंच विचारतात, "माफी मागितलीस का?" मी न्हाई म्हणते. ते फोन परत देतात. पोरगी शिकली आणि बापाचं रान घालवून बसली, असं त्यांना वाटतं. ते खोटं नाही. मला त्याचं दुःख आहे, रोज आहे.

येत्या रविवारी ते पुन्हा विचारतील. मी न्हाईच म्हणणार. शिक्षण संपलं की गावी जाणार आणि आबांबरोबर रान शोधत दारोदार फिरणार. ज्या दारात त्यांना पायरीखाली बसवतील, त्या रानात आमची मेंढरं बसणार नाहीत. आबा स्वतःहून हात जोडायला लागले, तर ते हात मी धरून ठेवणार. मग जन्मभर माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल.