वर्गाला हात असत्यात व्हय?

सुदर्शन सरांनी जन्मभर मार खाल्ला, पण आपला नियम काही सोडला नाही. ज्या गावाच्या इतिहासावर लिहायचं, त्या गावात तो निबंध आधी मोठ्यानं वाचायचा आणि मगच छापायला द्यायचा. बरं, निबंध तरी कसले! कुणी कुणाची जमीन गिळली, कुणाला फुकट राबवून कुणाचे वाडे उठले. असलं ऐकून गाव काय आरती ओवाळणार आहे? एका गावात सरांच्या कपाळावर दगड बसला, दुसऱ्यात त्यांची फटफटी पेटवून दिली. त्याच्याही आधी, तरणेपणी, चिकलठाण्याच्या कारखान्यात संप केला म्हणून गेटवरच गुंडांनी त्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या. पक्के मार्क्सवादी झाले ते तिथंच. मग कॉलेजात इतिहास शिकवला, पुस्तकं लिहिली, शहरातल्या पुंडलिकनगरात दोन खोल्या बांधल्या.

एक खोड मात्र होती. मारणाऱ्याचं नाव ते कधी लिहायचे नाहीत. इतिहास माणसं घडवत नाहीत, वर्ग घडवतात, हा त्यांचा हेका.

निवृत्त झाल्यावर ते स्वतःच्याच गावावर लिहायला बसले. वेरूळच्या अलीकडचं गाव. निजामाचं राज्य गेलं त्याच्या दुसऱ्याच साली तिथल्या खळ्यावर धोंडिबाला कुऱ्हाडीनं तोडलं होतं. गुन्हा काय, तर औंदा फुकट राबणार नाही, मजुरी द्या, एवढंच तो म्हणाला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा मानेवर. ज्वारीची रास रक्तानं लाल झाली आणि ती तशीच पोत्यात भरून घरी नेली. धोंडिबाची लेक पारूबाई कडब्याच्या गंजीमागं तोंडात पदराचा बोळा कोंबून हे बघत होती.

सरांनी गावात बुद्धविहारासमोर निबंध वाचला. 'जमीनदार वर्गाने धोंडिबाचा बळी घेतला,' या वाक्यावर पुढं बसलेल्या थकल्या पारूबाईनं त्यांना थांबवलं.

"मास्तर, वर्गाला हात असत्यात व्हय? माझ्या बापाला कुणी तोडलं ते वाच. तुला ठावं हाय."

ठाऊक कसं नसेल! तोडणारा कडुबा, सरांचा सख्खा आजा. सरांचं तोंड उतरलं. खाली मान घालून म्हणाले, "रविवारी नाव घालून वाचतो."

ही बातमी त्यांच्या पुतण्याला, शिवराजला लागली. शिवराज सरपंचपदाला उभा, आणि वेशीवर पणजोबा कडुबाच्या नावाची कमान बांधत होता. आईला, चतुराबाईला, घेऊन तो तडक पुंडलिकनगरात आला. या चतुराबाई वहिनीनंच आईवेगळ्या सुदर्शनला लहानाचं मोठं केलेलं. जुन्या वळणाची बाई. आजेसासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, म्हणून कारलंसुद्धा तिला कधी 'कडू' लागलं नाही. "लई वाईट लागतंय," म्हणायची.

तिनं पदर पसरला. "भावजी, घराण्याची अब्रू हाय. बाकी काय बी लिवा, तेवढं नाव नका घेऊ."

"वहिनी, लहानपणी खोटं बोललो की तुम्हीच मला उपाशी ठेवायच्या ना?" सर म्हणाले.

शिवराजचं टाळकं सणकलं. ओट्यावरचा खलबत्त्यातला लोखंडी बत्ता त्यानं उचलला. "काका, वाचायला तोंडच ठिवत नाय तुमचं!" पहिल्याच घावात जबड्याचं हाड कडकन मोडलं, दात फरशीवर सांडले. दुसरा बसायच्या आत चतुराबाई मधी पडली, तर पोटच्या पोरानं तिला भिंतीवर भिरकावलं. बांगड्या फुटून तिच्या मनगटात घुसल्या.

दवाखान्यात सरांचा जबडा तारेनं बांधला. पोलीस आला. सरांनी कागदावर लिहून दिलं, 'जिन्यावरून पडलो.' पोलिसानं ते मोठ्यानं वाचलं. काय म्हणावं या माणसाला! जन्मभर दुसऱ्यांच्या घरचे खून उकरले, आणि आपल्या घरातला निघाला की जिना! चतुराबाई कोपऱ्यात मनगटाला फडकं बांधून उभी होती. तीही गप्प राहिली. पोटचं पोर शेवटी.

रविवारी सर तशाच बांधल्या तोंडानं गावात गेले. पारूबाई पुढं बसलेली. कमानीच्या विटा पडल्या होत्या तिथं शिवराज आपल्या टोळीतली पोरं घेऊन उभा. सरांनी कागद उघडला. ओठातून नुसता घरघर आवाज आला आणि हनुवटीवरून लाल लाळ गळाली.

"वाचा की काका," शिवराज हसला. "कामून थांबले?"

पारूबाईची मान खाली गेली. याही खेपेला बापाला कुणी मारलं नव्हतं.

तेवढ्यात बायकांतून चतुराबाई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरांच्या शेजारी येऊन उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला.

"मला वाचता येत नाय. पर त्या घरात मी नांदले. आजेसासूनं मला ती कुऱ्हाड दावलीय. पारूबाई, तुझ्या बापाला आमच्या घरानं मारलं. कडुबानं."

म्हाताऱ्या बायांनी तोंडावर हात ठेवले. सुनेच्या तोंडून ते नाव गावानं पहिल्यांदा ऐकलं होतं.

"आन भावजी जिन्यावरून पडले नाय. त्येंचं तोंड फोडलं शिवराजनं. माझ्या पोटच्यानं."

"आये!" शिवराज वीट उचलून धावला. माणसं फाकली. चतुराबाई जागची हलली नाही.

"मार," ती म्हणाली. "भावजींचा लिवायचा हात अजून शाबूत हाय. माझं नाव धोंडिबाच्या खाली लिवत्याल, आन तुझं कडुबाच्या."

वीट शिवराजच्या हातातच राहिली.