धाकटीच्या पेंढ्याच्या भिंती

आमचं घर कवठे महांकाळच्या माळावर आहे. मी आणि नवऱ्यानं माती तुडवून, कच्च्या विटा पाडून ते बांधलं. त्यात अख्खा उन्हाळा गेला. पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीनं शिराळ्याला घर बांधायला काढलं. तिकडं भात पिकतो. तिनं पेंढ्याचे घट्ट गठ्ठे बांधले, विटांसारखे एकावर एक रचले आणि बघता बघता भिंती उभ्या केल्या. मला ते बघवलं नाही.

वैशाखात आई तिच्याकडं राहायला गेली, ती माझ्याकडं परतायचं नावच घेईना. मी फोन केला तर म्हणाली, "आगं, तुझ्या भिंती दिवसा गार असत्यात, पर रातभर धग सोडत्यात. हितं कवाबी गारच वाटतंय." शिराळ्याच्या पावसात तो पेंढा कुजेल, असं मनात आलं आणि मला बरं वाटलं.

पेंढा कुजला नाही. तिनं जोतं उंच घेतलं होतं आणि पत्रा भिंतीच्या बराच पुढं काढला होता. पेंढ्यावरचा मातीचा गिलावा मात्र तडकला. "ताई, ये की, तुला जमतंय त्यातलं," असा तिचा फोन आला, म्हणून मी गेले. मातीत वाळू आणि भुसकट कालवून आम्ही दोघींनी सगळं घर पुन्हा लिंपलं. गिलावा छान बसला.

शेजारीण बघायला आली, तेव्हा आई भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "धाकटीनं घर लय झ्याक बांधलंय, न्हाई?"

मी "व्हय" म्हणाले आणि मातीचे हात धुवायला परसात गेले.