नाकामुरा काकूंचा चहाभात

माझ्या हुशारीचं कौतुक ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. कारण हा किस्सा त्या हुशारीच्या तेराव्याचा आहे! हसायचं तर मोठ्यानं हसा, गालातल्या गालात नको.

मी जळगावची. बेंगळुरूत आले ती जपानी भाषा आणि संस्कृती घेऊन बी.ए. करायला. "तिथे जाऊन कन्नड शिकायचं सोडून जपानी?" असं आमचे काका अजून विचारतात.

एचएसआर लेआउटमधल्या पीजीत राहते. रूममेट रात्रपाळीची. मी उठले की ती झोपणार, त्यामुळे मला तिचं पांघरूणच जास्त ओळखीचं. वर्गातली मुलं तास संपला की आपापल्या घोळक्यात गायब. दिवसभरात माझं सगळ्यात मोठं संभाषण म्हणजे रिक्षावाल्याला "अण्णा, स्वल्प थांबा!" एकटीनं लेमन राइस गिळताना रडू यायचं हो. खरंच यायचं.

आमच्या पीजीच्या मालकीणबाई म्हणजे अक्का. कितीतरी पिढ्या इथल्याच. घरात मराठी, पण त्यात कन्नडची फोडणी. एक दिवस त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"काय गं, वरच्या फ्लॅटात जपानी बाई आलीय. नवरा बोम्मसंद्राला फॅक्टरीत. दिवसभर एकटीच बसतीय बिचारी. तू जपानी शिकतीस ना?"

"थोडंसंच येतं, अक्का."

"स्वल्प आलं तरी पुरे. शनिवारी जा!"

गेले. नाकामुरा काकू! हो, मनातल्या मनात मी त्यांना काकूच करून टाकलं. माझं मोडकंतोडकं जपानी त्या मान डोलवत ऐकत होत्या. बेंगळुरूत पहिल्यांदाच कुणी माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबलं. मला वाटलं, आता हे घर काही सोडायचं नाही.

दुपार झाली. काकू स्वयंपाकघरातून डोकावल्या आणि हळूच म्हणाल्या, "चहाभात घेतेस का?"

माझे कान टवकारले! का माहितेय? त्याच आठवड्यात सरांनी शिकवलं होतं: क्योटो शहरात यजमानानं 'गरम चहा ओतलेला भात घेता का?' असं विचारलं, की पाहुण्यानं समजायचं, निघा आता. तिथे तोंडावर कुणी 'जा' म्हणत नाही. सगळा वर्ग जांभया देत होता, मी एकटीनं लक्ष देऊन ऐकलं होतं.

मी ताडकन उठले, कमरेत वाकले, "नको नको, खूप उशीर झाला!" म्हणत चपला घातल्या. काकू बघतच राहिल्या. मला वाटलं, माझ्या संस्कृतीच्या ज्ञानानं थक्क झाल्या!

पुढच्या शनिवारी मी जेमतेम टेकले, तोच पुन्हा चहाभात. मी पुन्हा पसार. त्याच्या पुढच्या शनिवारी तर कहर! दार उघडलं आणि उंबऱ्यातच काकू हसून म्हणाल्या, "आज तरी चहाभात?"

उंबऱ्यातच? म्हणजे आत पाऊलही टाकू नकोस? इतकी का मी नकोशी झाले? मी तशीच मागे फिरले, खोलीत येऊन उशीत तोंड खुपसलं आणि मनसोक्त रडले. जाणंच बंद केलं. पुन्हा तोच लेमन राइस आणि तेच पांघरूण.

मग एका शनिवारी अक्का थेट खोलीत.

"अय्यो, त्या बाईच्या घरचं खायला तुला घाण वाटतीय का गं?"

"मला? अहो, त्याच मला हाकलतात!"

"हाकलतात? तू शाकाहारी म्हणून तिनं नवीन पातेलं आणलं! मला हातवारे करून विचारत होती, पोरगी का जेवत नाही म्हणून. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. चल वर!"

काकूंसमोर मी खाली मान घालून क्योटोचं सगळं पुराण सांगितलं. त्या अशा हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

"अगं, मी होक्काइदोची, पार उत्तरेची! क्योटोला मी फक्त शाळेच्या सहलीत गेलेय."

मग त्यांनी वाटी पुढे ठेवली. गरम भात, वर वाफाळता हिरवा चहा, त्यांच्या आईनं पाठवलेलं आंबट लोणचं. पहिल्याच घासाला लक्षात आलं, इतक्या महिन्यांत 'जेवतेस का?' असं मला दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं. आणि विचारणाऱ्या एकुलत्या एका बाईपासून मी चपला घालून पळत होते!

अक्का जेवून खाली गेल्या. मी मात्र बसले. ठाण मांडून बसले! दिवेलागणीला खाली उतरले तर अक्का दारातच.

"आत्ता येतीस? इतका वेळ काय करत होतीस?"

"गप्पा! काय जीव लावतात हो अक्का त्या! सारखं विचारत होत्या, अभ्यास नाही का तुला? मी म्हटलं, आज काहीच नाही! मग म्हणाल्या, आभाळ भरून आलंय, छत्री आणलीस का? मी म्हटलं, एका मजल्याला कसली छत्री? शेवटी माझ्या चपला उचलून नीट दाराकडे तोंड करून ठेवल्या. किती ती काळजी!"

अक्कांनी कपाळावर हात मारला.

"अगं वेडे, हे मात्र होक्काइदोतसुद्धा 'ऊठ आता' असंच असतं!"